रुग्णालयातील प्रतिजैविकांचा उचित वापर : मुळशी तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णास दिलेले प्रतिजैविक उचित होते की नव्हते, हा प्रश्न वरकरणी केवळ वैद्यकशास्त्राचा वाटतो. प्रत्यक्षात तो नोंद, मोजमाप, अर्थकारण आणि सार्वजनिक हित या सर्वांशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात ‘उचित वापर’ या संकल्पनेचे निकष, देशपातळीवरील पाहणीतून दिसणारे चित्र, पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यासारख्या संमिश्र भागात उद्भवणारे प्रसंग आणि लहान रुग्णालयासही शक्य असणारी मूल्यमापनाची पद्धत यांचे विवेचन केले आहे. उचित वापराची सुरुवात महागड्या प्रयोगशाळेपासून नव्हे, तर प्रतिजैविक का दिले याच्या लेखी नोंदीपासून होते, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : प्रतिजैविक, प्रतिरोध, उचित वापर, रुग्णपत्रिका, कल्चर तपासणी, मुळशी तालुका

१. प्रस्तावना

प्रतिजैविकांच्या भारतीय इतिहासात पुणे जिल्ह्याचे स्थान महत्त्वाचे आहे. सन १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले आणि आयातीवर अवलंबून असलेले औषध देशात तयार होऊ लागले. याच संस्थेतील संशोधनातून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध पुढे आले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात ‘पिंपरीना’ हा शब्द आहे. त्या काळी प्रश्न औषध मिळवण्याचा होता. आज प्रश्न ते टिकवण्याचा आहे.

जिवाणूंवर औषधाचा परिणाम न होणे यास प्रतिरोध म्हणतात. २०२२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट जिवाणूंच्या प्रतिरोधामुळे झाले, तर सुमारे ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी त्याचा संबंध होता. त्याच अभ्यासमालेतील अंदाजानुसार भारतातील थेट मृत्यूंची संख्या त्या वर्षी सुमारे २ लाख ९७ हजार होती. प्रतिरोध ही निसर्गातील स्वाभाविक प्रक्रिया असली, तरी तिचा वेग मानवी वापरावर अवलंबून असतो. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्येच नोबेल पारितोषिक स्वीकारताना अपुऱ्या मात्रेच्या धोक्याविषयी सावध केले होते.

प्रतिजैविकाचे एक वैशिष्ट्य येथे लक्षात घेतले पाहिजे. रक्तदाबाची गोळी एका रुग्णाने विनाकारण घेतली, तर तिचा परिणाम त्याच्यापुरता मर्यादित राहतो. प्रतिजैविक विनाकारण घेतले, तर त्यातून निवडले गेलेले प्रतिरोधक जिवाणू शेजारच्या खाटेवरील रुग्णापर्यंत, परिचारिकेच्या हातापर्यंत आणि सांडपाण्यापर्यंत पोहोचतात. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर येथे निर्णय खाजगी असतो आणि खर्च सामाजिक असतो. म्हणूनच हा विषय केवळ वैद्यकीय महाविद्यालयांपुरता न राहता सर्व विद्याशाखांच्या अध्यापकांनी समजून घेण्याजोगा आहे.

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारलेला असून त्याचे स्वरूप विवेचनात्मक आहे.

२. ‘उचित’ म्हणजे काय ?

सर्वसाधारण समज असा असतो की योग्य औषध दिले म्हणजे उचित उपचार झाला. तज्ज्ञांची कसोटी याहून कडक आहे. अमेरिकेतील कॅल्व्हिन कुनिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये रुग्णालयातील प्रतिजैविकांच्या वापराचे वर्गीकरण करण्याची एक पद्धत मांडली. नेदरलँड्समधील इंगे गिसेन्स व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तिला प्रश्नमालिकेचे रूप दिले. ही मालिका आजही अनेक देशांत वापरली जाते. तिचा आशय पुढीलप्रमाणे सांगता येईल.

अ) मूल्यमापन करता येईल एवढी माहिती रुग्णपत्रिकेत आहे काय ?
आ) प्रतिजैविकाची मुळात गरज होती काय ?
इ) अधिक परिणामकारक, कमी अपायकारक, कमी खर्चाचे किंवा अधिक मर्यादित जिवाणूंवर काम करणारे दुसरे औषध उपलब्ध होते काय ?
ई) उपचाराचा कालावधी फार मोठा अथवा फार कमी होता काय ?
उ) मात्रा, दोन मात्रांमधील अंतर आणि देण्याचा मार्ग (शिरेतून की तोंडावाटे) योग्य होता काय ?
ऊ) औषध देण्याची वेळ योग्य होती काय ?

या सर्व प्रश्नांतून जो निर्णय पार पडतो, तोच पूर्णतः उचित ठरतो. या क्रमातील पहिला प्रश्न औषधाविषयी नसून नोंदीविषयी आहे, ही बाब विशेष महत्त्वाची होय. नोंद अपुरी असेल तर मूल्यमापन तेथेच थांबते. निर्णय बरोबर होता असेही म्हणता येत नाही आणि चूक होता असेही म्हणता येत नाही.

औषधांच्या निवडीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट केले. पहिला ‘ॲक्सेस’ गट नित्य संसर्गांसाठी प्रथम वापरावयाच्या औषधांचा. पेनिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन ही त्यातील उदाहरणे. दुसरा ‘वॉच’ गट प्रतिरोधाचा धोका अधिक असल्याने मर्यादेने वापरावयाच्या औषधांचा. आपल्याकडे सर्वत्र परिचित असलेले सेफट्रायॅक्सोन यात मोडते. तिसरा ‘रिझर्व्ह’ गट अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवायच्या औषधांचा. कोलिस्टिन हे त्यातील एक. एकूण वापरात ॲक्सेस गटाचा वाटा २०३० पर्यंत किमान ७० टक्के असावा, असे जागतिक उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २०२४ मध्ये स्वीकारलेल्या राजकीय जाहीरनाम्यात नमूद आहे.

३. देशपातळीवरील चित्र

राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात देशातील २० मोठ्या रुग्णालयांत पाहणी केली. तिचा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये चर्चेत आला. पाहणीतील ९,६५२ रुग्णांपैकी ७१.९ टक्के रुग्णांना प्रतिजैविके सुरू होती. त्यांतील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५५ टक्के वापर संसर्ग होऊ नये म्हणून, प्रतिबंधात्मक स्वरूपाचा होता. झालेल्या संसर्गावरील उपचार ४५ टक्के होता आणि त्यातही जिवाणू निश्चित झाल्यावर दिलेल्या उपचाराचे प्रमाण अवघे ६ टक्के होते. उर्वरित ९४ टक्के उपचार अनुमानावर आधारलेला होता. वॉच गटातील औषधांचे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर ॲक्सेस गटाचे सुमारे ३८ टक्के आढळले.

या आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगली पाहिजे. अनुमानावर आधारलेला उपचार म्हणजे चुकीचा उपचार नव्हे. जंतुसंसर्गामुळे रक्तदाब खालावलेल्या रुग्णास कल्चरच्या अहवालाची वाट पाहत ठेवणे प्राणघातक ठरू शकते. अशा रुग्णास तासाभरात प्रतिजैविक देण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. दोष अनुमानाने सुरुवात करण्यात नाही. सुरुवात अनुमानाने होऊन शेवटही अनुमानानेच होतो, हा दोष आहे. रक्ताचा वा लघवीचा नमुना पहिल्या मात्रेपूर्वी घेणे, ४८ ते ७२ तासांनी अहवाल व रुग्णाची स्थिती पाहून औषध बदलणे, कमी करणे अथवा बंद करणे, ही पुढील पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते.

४. मुळशीच्या संदर्भात तीन उदाहरणे

मुळशी तालुक्याचे स्वरूप संमिश्र आहे. पश्चिमेस ताम्हिणी घाटाचा अतिवृष्टीचा प्रदेश व भातखाचरे, मध्यभागी पौड हे तालुक्याचे ठिकाण व पिरंगुटची कारखानदारी, तर पूर्वेस हिंजवडीची माहिती तंत्रज्ञान नगरी अशी त्याची रचना आहे. आरोग्यसेवेचे चित्रही असेच विविध आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे, पौडचे ग्रामीण रुग्णालय, खाजगी नर्सिंग होम आणि लवळे येथील विद्यापीठीय रुग्णालय या सर्व स्तरांवर रुग्ण उपचार घेतात व प्रसंगी एका स्तरावरून दुसऱ्या स्तरावर पाठवले जातात. पुढील तीन उदाहरणे काल्पनिक असून कोणत्याही विशिष्ट संस्थेची नाहीत. परंतु अशा प्रदेशात ती सहज संभवतात.

पहिले उदाहरण तापाचे. जुलै महिन्यात भातलावणी करणारा एक शेतकरी पाच दिवसांच्या तापाने दाखल होतो. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल आहेत, लघवी कमी झाली आहे. त्याच दिवशी बांधकामावरील एक तरुण मजूर तापाने दाखल होतो; त्याच्या प्लेटलेट कमी असून डेंग्यूची चाचणी सकारात्मक आहे. दोघांनाही सेफट्रायॅक्सोन सुरू केले जाते. शेतकऱ्यास लेप्टोस्पायरोसिस असण्याची शक्यता मोठी आहे व त्यावर हे औषध गुणकारी आहे. मात्र आजार सौम्य असता तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त, ॲक्सेस गटातील गोळीनेही काम भागले असते. मजुरास डेंग्यू हा विषाणूजन्य आजार आहे. जिवाणूसंसर्गाची वेगळी लक्षणे नसतील तर त्याला प्रतिजैविकाचा काहीही उपयोग नाही. औषध तेच, मात्राही तीच. तरीही एका ठिकाणी निर्णय समर्थनीय आणि दुसऱ्या ठिकाणी अनुचित. हा भेद औषधांच्या यादीवरून कळत नाही. ‘लेप्टोस्पायरोसिसची शक्यता, मूत्रपिंडावर परिणाम’ अशी एक ओळ रुग्णपत्रिकेत असेल तरच तो कळतो.

दुसरे उदाहरण शस्त्रक्रियेचे. सिझेरियन प्रसूतीपूर्वी, छेद घेण्याआधी तासाभरात सेफाझोलिनसारख्या औषधाची एक मात्रा देणे पुरेसे असते, असे जागतिक आरोग्य संघटनेची तत्त्वे सांगतात. छेद घेतेवेळी ऊतींमध्ये औषध पुरेशा प्रमाणात असणे हा त्यामागील शास्त्रीय हेतू आहे. व्यवहारात अनेकदा शस्त्रक्रियेनंतर तीन ते पाच दिवस इंजेक्शने आणि घरी जाताना गोळ्या दिल्या जातात. जखम शिवल्यानंतर लांबवलेल्या औषधाने संसर्ग आणखी टळतो असे दिसून आलेले नाही. जुलाब, ॲलर्जी, प्रतिरोधक जिवाणू आणि खर्च मात्र वाढतो. देशपातळीवरील पाहणीत प्रतिबंधात्मक वापर ५५ टक्के का आढळला, याचे एक उत्तर या सवयीत आहे.

तिसरे उदाहरण लघवीच्या तपासणीचे. पक्षाघात झालेल्या वृद्धेस लघवीची नळी घातलेली आहे. तिला ताप नाही, अन्य त्रास नाही; परंतु तपासणीत जिवाणू आढळले म्हणून प्रतिजैविक सुरू होते. नळी काही दिवस राहिल्यास लघवीत जिवाणू आढळणे ही जवळजवळ अटळ गोष्ट आहे. लक्षणे नसताना उपचाराची गरज गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांपूर्वीचे रुग्ण अशा मोजक्या प्रसंगीच असते. येथे खरा उपाय नळी शक्य तितक्या लवकर काढणे हा आहे. येथे प्रयोगशाळा उपलब्ध असूनही निर्णय अनुचित ठरला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अहवालावर उपचार करायचा नसतो. रुग्णावर करायचा असतो.

५. अनुचित वापराची कारणे

या स्थितीचा दोष केवळ डॉक्टरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. निर्णय ज्या परिस्थितीत घ्यावा लागतो, तिचा विचार करणे आवश्यक आहे.

पहिले कारण अनिश्चिततेचे. रात्री दाखल झालेल्या रुग्णाच्या तापाचे मूळ जिवाणू की विषाणू, हे लगेच ठरवता येत नाही. कल्चरची सोय तालुक्याच्या ठिकाणी नसल्यास नमुना शहरात पाठवावा लागतो आणि अहवाल येईपर्यंत रुग्ण घरीही गेलेला असतो. प्रतिजैविक न दिल्याने रुग्ण दगावला तर दोष डॉक्टरांवर येतो. दिल्याने वाढलेला प्रतिरोध मात्र कोणाच्याही नावावर लिहिला जात नाही.

दुसरे कारण रुग्णाच्या पूर्वोपचाराचे. अनेक रुग्ण औषधाच्या दुकानातून दोन-तीन दिवस प्रतिजैविक घेऊन मगच रुग्णालयात येतात. अशा वेळी कल्चरमध्ये जिवाणू वाढत नाहीत आणि तपासणी निष्फळ ठरते. तिसरे कारण नातेवाइकांच्या अपेक्षेचे. सलाईन आणि ‘भारी’ इंजेक्शन म्हणजे चांगला उपचार, ही समजूत शिक्षित कुटुंबांतही दृढ आहे. चौथे कारण परिसराच्या स्वच्छतेवरील अविश्वासाचे. शस्त्रक्रियागृह, पाणी किंवा निर्जंतुकीकरण यांविषयी खात्री नसली की तिची भरपाई प्रतिजैविकाने करण्याकडे कल होतो. वस्तुतः हात धुणे व निर्जंतुकीकरण यांना प्रतिजैविक हा पर्याय होऊ शकत नाही.

परिणामांची साखळी सरळ आहे. सेफट्रायॅक्सोनसारख्या औषधाच्या नित्य वापरातून त्यास न जुमानणारे जिवाणू निवडले जातात. मग मेरोपेनेम वापरावे लागते. त्यालाही प्रतिरोध आला की कोलिस्टिन उरते, जे मूत्रपिंडास अपायकारक ठरू शकते. प्रत्येक पायरीगणिक खर्च वाढतो व तो बहुतांशी कुटुंबाच्या खिशातून जातो. या साखळीच्या शेवटी असतात ते अतिदक्षता विभागातील नवजात बालक, कर्करोगाचा रुग्ण किंवा भाजलेला कामगार. पहिल्या पायरीवरील अनावश्यक इंजेक्शनाशी त्यांचा काहीही संबंध नसतो.

६. मूल्यमापन कसे करता येईल ?

मोठ्या रुग्णालयांत प्रतिजैविकांच्या देखरेखीसाठी सूक्ष्मजीवतज्ज्ञ, फिजिशियन व औषधनिर्माता यांची समिती असते. ग्रामीण रुग्णालय साधारणतः ३० खाटांचे असते. तेथे अशी समिती अपेक्षिणे व्यवहार्य नाही. परंतु एकदिवसीय पाहणी तेथेही शक्य आहे. ठरलेल्या दिवशी सकाळी आठ वाजता दाखल असलेल्या प्रत्येक रुग्णाची पत्रिका पाहून चार प्रश्नांची उत्तरे ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी नोंदवावीत.

१) प्रतिजैविक देण्याचे कारण लिहिले आहे काय ?
२) संसर्गावरील उपचार असल्यास पहिल्या मात्रेपूर्वी योग्य नमुना घेतला आहे काय ?
३) निवडलेले औषध भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या किंवा रुग्णालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांशी जुळते काय ?
४) पुनर्विचाराची अथवा बंद करण्याची तारीख लिहिली आहे काय ?

समजा, २० रुग्णांपैकी १२ जणांना प्रतिजैविक सुरू आहे आणि त्यांपैकी ५ जणांच्या पत्रिकेत कारण लिहिलेले आहे. तर वापराचे प्रमाण ६० टक्के आणि नोंदीचे प्रमाण सुमारे ४२ टक्के येते. हे केवळ स्पष्टीकरणार्थ घेतलेले आकडे आहेत. तीन महिन्यांनी हीच मोजणी पुन्हा केल्यास सुधारणा दिसते अथवा तिचा अभाव दिसतो. येथे एक दक्षता आवश्यक आहे. लहान रुग्णालयात रुग्णसंख्या कमी असल्याने एका दिवसाच्या टक्केवारीवरून दोन रुग्णालयांची तुलना करणे संख्याशास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरणार नाही. एकाच रुग्णालयाची स्वतःशी, कालांतराने केलेली तुलना अधिक उपयुक्त होय. तसेच ही मोजणी दोषारोपासाठी नसून शिकण्यासाठी आहे, असा विश्वास डॉक्टर व परिचारिकांना वाटला पाहिजे. अन्यथा नोंदी सुधारतात पण निर्णय तसेच राहतात.

७. कायदा व धोरण

औषध नियमांत २०१३ मध्ये एच-१ ही अनुसूची समाविष्ट करण्यात आली व ती मार्च २०१४ पासून लागू झाली. तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम व क्षयरोगावरील औषधे यांसारखी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. विक्रेत्याने रुग्ण, डॉक्टर व औषध यांची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जतन करावी, असे बंधन आहे. २०१७ मध्ये पहिला आणि २०२५ मध्ये दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा प्रतिरोध रोखण्यासाठी जाहीर झाला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने वैद्यकीय महाविद्यालये व डॉक्टरांच्या संघटनांना पत्र लिहून प्रतिजैविकाच्या चिठ्ठीवर ते देण्याचे नेमके कारण लिहावे, असे आवाहन केले. गिसेन्स यांच्या मालिकेतील पहिला प्रश्न आणि शासनाचे हे आवाहन यांतील साम्य योगायोगाचे नाही. कारण लिहावे लागले की निर्णय घेणारा क्षणभर थांबतो, आणि बदलीवर आलेल्या पुढील डॉक्टरास औषध केव्हा बंद करायचे हे कळते.

८. महाविद्यालयांची भूमिका

बिगर-वैद्यकीय महाविद्यालयांनाही या कार्यात सहभागी होता येईल. संख्याशास्त्र व वाणिज्य विभाग रुग्णालयाच्या परवानगीने आणि रुग्णांची ओळख पूर्णतः गोपनीय ठेवून वरील मोजणीच्या विश्लेषणास साहाय्य करू शकतात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रतिरोधाचा पाठ स्थानिक उदाहरणांतून शिकवता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ‘लाल रेघ असलेल्या पाकिटातील औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये’ हा संदेश गावोगावी नेता येईल. भाषा विभागांनी रुग्णास समजेल अशा मराठीत सूचनापत्रक तयार केल्यास तेही मोलाचे ठरेल. याशिवाय अध्यापक स्वतः रुग्णाचे नातेवाईक म्हणून रुग्णालयात असतात, तेव्हा ‘हे औषध कशासाठी आहे आणि किती दिवस द्यायचे आहे ?’ हे दोन प्रश्न नम्रपणे विचारणे, हाही उचित वापराचाच भाग होय.

समारोप

प्रतिजैविकाचा उचित वापर म्हणजे कमी वापर नव्हे. गरज असलेल्या रुग्णास वेळेवर, योग्य मात्रेत व योग्य काळापर्यंत मिळालेले औषध म्हणजे उचित वापर. त्यासाठी प्रयोगशाळा हव्यात, तज्ज्ञ हवेत आणि कायद्याची अंमलबजावणीही हवी. परंतु त्या सर्वांची वाट न पाहता ताम्हिणीच्या पायथ्याशी असो वा हिंजवडीच्या रस्त्यालगत, प्रत्येक रुग्णालयास उद्यापासून करता येण्यासारख्या दोन गोष्टी आहेत : औषध सुरू करताना कारण लिहिणे आणि तिसऱ्या दिवशी ते कारण पुन्हा तपासणे. या दोन ओळींसाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद लागत नाही. ज्या जिल्ह्याने देशाला पेनिसिलिन तयार करून दिले, त्याच जिल्ह्यातील रुग्णालयांनी ते पुढील पिढीसाठी टिकवण्याची ही शिस्त अंगीकारावी, अशी अपेक्षा बाळगणे अवाजवी ठरणार नाही.